डावा दोनवर, उजवा सातवर

माझ्या नवऱ्याला कान आहे, असं त्याच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. गाण्याचा नव्हे, इंजिनाचा. वाळूजला नवी इंजिनं काही तास चालवून बघायची आणि मगच पुढं सोडायची, हे त्याचं काम. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय कुरकुरतंय ते सांगायचं. मग पालथा हात लावून ऊब बघायची. या दोन गोष्टी झाल्या की वहीत नोंद आणि नोंदीखाली सही. सहीच्या बाबतीत तो फार कडक. न चाललेलं इंजिन चाललं असं दाखवायला एकदा वरच्या साहेबानं सांगितलं, तर यानं पेनाचं टोपणच उघडलं नाही. पुढं सहा महिने त्याला रात्रपाळी लागली, पण सही झाली नाही ती नाहीच.

(बोलताना मी त्याला अहोच म्हणते. लिहिताना तो म्हणते. कागदावर एवढी सूट मी घेणारच.)

घरी आल्यावरही हा कान स्वस्थ बसत नसे. टेबलफॅन, मिक्सर, खाली घरमालकीणबाईंची शिलाई मशीन, सगळ्यांना पेचकस लावून झाला होता. आणि त्याचा मुख्य धर्म असा, की नवी वस्तू पहिले काही दिवस दमानं चालवायची. लग्नानंतर नवी मोटारसायकल घेतली तेव्हा पहिले हजार किलोमीटर वीसच्या वर काटा गेला नाही. आम्ही पडेगावला राहायचो. तिथून दौलताबादला फिरायला निघालो, तर एक दूधवाला सायकलवरून आम्हाला मागं टाकून गेला आणि जाताना वळून माझ्याकडं बघून हसला. मी नवी नवरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या कुकरलाही पहिल्या आठवड्यात दोनच शिट्ट्या मंजूर होत्या. आठवडाभर आम्ही कचकचीत वरण खाल्लं.

अशा माणसाच्या घरी नवे स्पीकर आले.

दोन वर्षं तो त्यांच्या मागं होता. तयार संच घ्यायचा नाही, बनवून घ्यायचा, हे आधीपासून ठरलेलं. शहागंजच्या एका बोळात एक चाचा स्पीकरची खोकी बनवायचे. मूळचे सुतार. पलंग, कपाटं करता करता या कामात शिरलेले. रविवार आला की नवरा त्यांच्या दुकानात. प्लायवूड किती जाड, आत कापूस किती, पुढं कापड कुठलं, यावर दोघांचं तासन्‌तास चाले आणि मी घरी भाजी गार होताना बघत बसे. शेवटी कमरेइतकी उंच दोन खोकी आणि एक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन चाचा स्वतः टेम्पोतून आले. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरला जोडणी झाली, चहा झाला आणि नवऱ्यानं सांगून टाकलं, की पहिले शंभर तास आवाज दोनच्या वर न्यायचा नाही.

चाचांनी बशी खाली ठेवली. त्यांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. आतल्या पडद्याच्या कडेचं रबर नवं असताना ताठ असतं, ते जोरात हलल्याशिवाय मऊ पडत नाही. नवी चप्पल पायात घालून चालल्याशिवाय सैल होते का? हळू वाजवलात तर हा स्पीकर जन्मभर घुसमटत बोलेल. नवरा म्हणाला, नव्या इंजिनाला पहिल्या दिवशी पळवलं तर ते जन्मभर धूर सोडतं. चाचा म्हणाले, हे इंजिन नाही. नवरा म्हणाला, हलणारी वस्तू ती हलणारीच. दोघंही अतिशय अदबीनं भांडत होते, म्हणून ते मिटेना.

तोडगा चाचांनी काढला. स्पीकर दोन आहेत ना? मग डावा तुमच्या पद्धतीनं, उजवा माझ्या. डावा दोनवर, उजवा सातवर. प्रत्येकाला पन्नास तास द्यायचे आणि मग दोघांना एकामागं एक ऐकायचं. जो चांगला बोलेल त्याच्या मालकाचं खरं. नवऱ्याचे डोळे चमकले. आवाजाच्या बटणाशेजारी दोनला आणि सातला माझ्या नेलपॉलिशचे लाल ठिपके पडले. बाटली पुन्हा माझ्याकडं आली तेव्हा तिचा ब्रश फिसकटलेला होता.

आता हे वाजवणार कोण? नवऱ्याची पहिली पाळी. सकाळी सहाला कंपनीची बस, परत यायला साडेचार. तेव्हा दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"भाभी दिवसभर घरीच असतात," चाचा म्हणाले.

घरी असणारी बाई म्हणजे रिकामी बाई, हे शहागंजपासून पडेगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला वेळापत्रक मिळालं. दहा ते बारा डावा, सनईची कॅसेट. दोन ते चार उजवा, चाचांनी आणलेली कव्वालीची कॅसेट. कंपनीतून आणलेली एक वहीही मिळाली. तारीख, वेळ, बटण किती, तक्रार काय, असे रकाने. शेवटचा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा. ती सही तो रोज संध्याकाळी करणार होता.

इथं मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी रिकामी नव्हते. मी बी.ए.ला बाहेरून बसत होते आणि अर्थशास्त्राच्या एका पेपरात दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा मी रडले. दुसऱ्यांदा सासरच्या सगळ्यांनी माझी समजूत काढली. टोमणे मारले असते तर परवडलं असतं. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, तुला कुठं कमवायचंय. नवरा म्हणाला, तू प्रयत्न केलास ना. त्या प्रेमळ आवाजांनी माझं डोकं असं फिरलं, की मी सगळ्यांना सांगितलं, आता बास, मला शिकायचं नाही. आणि गुपचूप तिसऱ्यांदा फॉर्म भरला. पास झाले तरच सांगायचं. नापास झाले तर ते मला एकटीला कळेल आणि मग खरोखरच बास. माझ्या वह्या, पुस्तकं आणि पुढं पोस्टानं आलेलं हॉल तिकीट हे सगळं पलंगाखाली अ‍ॅम्प्लिफायरच्या रिकाम्या खोक्यात, थर्मोकोलच्या खाली राहत होतं. अभ्यासाला माझ्याकडं तेच तास होते. दहा ते बारा आणि दोन ते चार.

दोन दिवस मी इमानदारीनं वाजवलं. सनई एक वेळ चालली. पण दुपारी सातवर कव्वाली सुरू झाली की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि मी मागणीच्या लवचिकतेची व्याख्या त्या कव्वालीच्या चालीवर म्हणू लागायची. कानात बोटं घालावीत तर पान उलटायला तिसरा हात नव्हता. तिसऱ्या दिवशी दहा वाजता मी बटणाकडं हात नेला आणि तो तसाच मागं आणला. घर इतकं छान शांत होतं. मी वहीत लिहिलं: दहा ते बारा, डावा, दोन, तक्रार नाही. मग दुपारचंही लिहून टाकलं.

खोटं करायचं तर नीट करावं, अशी माझी शिस्त. रोज चार वाजता मी कॅसेट उलटी करून ठेवायची, बटण सातच्या ठिपक्यावर न्यायची, कधी वेळ दहा ऐवजी दहा वाजून सात मिनिटं लिहायची, म्हणजे खरं वाटावं. नवरा घरी यायचा, चप्पल काढायचा, स्पीकरपाशी जाऊन उभा राहायचा आणि वहीत सही करायचा. मला आतून हसू यायचं आणि थोडं वाईटही वाटायचं.

धोका होता तो खालून. घरमालकीणबाईंना आम्ही मावशी म्हणायचो. फुलंब्रीकडच्या, जिभेनं तिखट, आणि गल्लीत कुणाची शिंक कितीला आली हे सांगू शकणाऱ्या. चौथ्या दिवशी त्या जिना चढून वर आल्या.

"काय गं, दोन दिवस जीव खाल्ला, अन् कालपून तुमचं खोकं मुकं झालं? बिघडलं व्हय?"

मी सगळं सांगून टाकलं. दुसरा मार्गच नव्हता. वाटलं, आता संध्याकाळपर्यंत हे जगजाहीर होणार. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि पोटभर हसून घेतलं. मग म्हणाल्या, तू वाच, मी बघते. त्या काय बघणार होत्या, ते मला संध्याकाळी कळलं. नवरा बसमधून उतरून फाटकाशी आला, तर मावशी डोक्याला फडकं बांधून ओट्यावर बसलेल्या.

"दुपारचं लई धडधड व्हतंय बाबा. फळीवरचे डबे हालायलेत माझे."

नवऱ्यानं हात जोडले. थोडेच दिवस, मावशी, सहन करा. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी हा प्रयोग होऊ लागला. मावशींना त्यात इतका रस आला, की एकदा त्यांनी फुटकी बशी दाखवून ती कव्वालीनं फुटली असं सांगितलं. ती त्यांच्या मांजरानं फोडलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. मी खुणेनं पुरे म्हणत होते, पण बाई ऐकतील तर शपथ.

साधारण आठवडा झाला असेल. तोवर नवरा संध्याकाळी अर्धा तास स्वतः स्पीकर लावायचा, अर्थात दोनवर. एक दिवस त्यानं तेही बंद केलं. म्हणाला, दिवसभर चाललेल्या वस्तूला संध्याकाळी विश्रांती हवी. स्वतःही बोलेना, पेपर घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. घरात आवाज नको म्हणे, पडदा स्थिर झाला पाहिजे. मी मनात म्हटलं, माणूस पार कामातून गेला. पण मला आयते दोन तास जास्त मिळाले, म्हणून मी निदान करायच्या भानगडीत पडले नाही. त्याला वाटे मी आत निवडणटिपण करतेय. म्हणजे, त्याला तसं वाटतं असं मला वाटे.

मग गावाकडून दीर-जाऊ आणि सासूबाई नवे स्पीकर बघायला यायचं ठरलं. चार दिवस राहणार होते. चार दिवस म्हणजे माझी दोन अख्खी प्रकरणं बुडाली असती. मी काही कारण शोधेपर्यंत नवऱ्यानंच निरोप पाठवला, की तास पुरे होईपर्यंत येऊ नका, माणसांच्या वर्दळीनं स्पीकर बिघडतो. सासूबाई महिनाभर रुसल्या. पोटच्या पोराला आईपेक्षा खोकं जवळचं झालं, असं त्या साऱ्या गावाला सांगत होत्या आणि मला त्यांचं पटत होतं.

शंभर तास संपत आले. माझी परीक्षा अजून दोन आठवड्यांवर होती. आता चाचा येणार, निकाल लागणार आणि त्यानंतर हा रोज संध्याकाळी गाणी लावून बसणार, या विचारानं मी पुस्तकाची राहिलेली पानं मोजली. त्या संध्याकाळी नवऱ्यानं डाव्या खोक्याला पेचकस लावला, कान लावला, उजव्यालाही लावला. बराच वेळ ऐकत राहिला. बंद स्पीकरमध्ये काय ऐकतोय, देव जाणे. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, अजून मोकळे झाले नाहीत. दोघांना आणखी पंचवीस-पंचवीस तास लागतील.

त्या रात्री मी त्याला दुधावरची साय घातलेला भात वाढला.

परीक्षेच्या दिवशी बस गेल्यावर मी बाहेर पडले, पेपर दिला, तीनच्या आत परत आले आणि वहीत लिहिलं: डावा, उजवा, दोन्ही व्यवस्थित, तक्रार नाही. साडेचारला नवरा आला. त्या दिवशी तो वहीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळला. मग सही केली आणि म्हणाला, झाले वाटतं तास.

पुढच्या रविवारी निवाडा झाला. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून आले. मावशी बोलावलं नसताना येऊन भिंतीला टेकून बसल्या. आधी वाद झाला तो ऐकताना बटण कितीवर ठेवायचं यावर. नवरा म्हणे दोनवर ऐकू, बारकावे कळतात. चाचा म्हणे सातवर, दम कळतो. शेवटी साडेचारवर समेट झाला. आधी डावा वाजला, मग उजवा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. नवऱ्यानं डोळे मिटले होते. चाचांनी मान एका बाजूला कलती केली होती.

नवरा म्हणाला, डावा मोकळा आहे, उजवा बसका वाटतो. चाचा म्हणाले, उजवा खुलून बोलतोय, डाव्याला सर्दी झालीय. दोघंही आपापल्या कानाची शपथ घ्यायला तयार. मी दोघांकडं बघत होते. दोन्ही खोक्यांनी मिळून आठवडाभराचं काम केलं नव्हतं. मग दोघं माझ्याकडं वळले.

"मला तर दोन्ही सारखेच वाटतात," मी म्हटलं.

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. इतके दिवस भांडणारी ती दोन माणसं त्या क्षणी एक झाली. भाभींना कान नाही, हे त्यांनी बोलून नाही दाखवलं, पण चाचांनी माझ्या हातचा चहा मात्र भरभरून वाखाणला. मावशींना खोकल्याची एवढी उबळ आली की त्या उठून खाली गेल्या.

निकाल पावसाळ्यात लागला. कॉलेजच्या फळ्यावर माझा नंबर होता. मी तो तीनदा वाचला, शेजारच्या एका मुलीकडून चौथ्यांदा वाचवून घेतला, आणि पेढे घेऊन घरी आले. नवरा साडेचारला आला. त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. फॉर्म, पेपर, पास झाले, आणि हो, तुमचे स्पीकर मी पहिले दोन दिवस सोडले तर एक मिनिटही वाजवले नाहीत, वही सगळी खोटी आहे.

तो पेढा खात होता. खाऊन झाल्यावर म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अ‍ॅम्प्लिफायर थंड असायचा. तू कॅसेट उलटी करायचीस, बटण जागेवर न्यायचीस, मिनिटंसुद्धा लिहायचीस. फक्त वरून एकदा हात लावून बघायचं राहिलं तुझं. चार वाजेपर्यंत चाललेलं यंत्र साडेचारला इतकं गार नसतं."

मी खाली बसले. त्यानं बाकीचंही सांगितलं. चार-पाच दिवस रोज यंत्र थंड, म्हणून काहीतरी बिघाड असेल असं समजून तो गॅरंटीचा कागद शोधायला पलंगाखालच्या खोक्यात शिरला. कागद मिळाला नाही, थर्मोकोलखाली माझ्या वह्या मिळाल्या. पुढं हॉल तिकीट आलं तेही त्यानं तिथंच पाहिलं आणि तारीख मोजून तास वाढवले. गावाकडच्यांना त्यासाठीच थांबवलं. मावशींचं काम मात्र फस्ट क्लास होतं, विशेषतः बशीचं, असंही तो म्हणाला.

"मग मला विचारलं का नाही?"

"कुणाला कळू नये असं तुलाच वाटत होतं ना."

मी उठून ती वही काढली. पानामागून पान. माझ्या अक्षरात दहा ते बारा, दोन ते चार, तक्रार नाही. आणि प्रत्येक खोट्या ओळीखाली, परीक्षेच्या दिवसाच्या ओळीखालीही, त्याची ती पूर्ण, स्वच्छ सही. साहेबासाठी ज्याच्या पेनाचं टोपण उघडलं नव्हतं, त्या माणसाची. दोन वर्षं वाट पाहून आणलेले स्पीकर महिनाभर समोर उभे होते आणि त्यानं ते संध्याकाळीसुद्धा लावले नव्हते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

रडून झाल्यावर डोकं जागेवर आलं. मी विचारलं, "पण मग त्या रविवारी? चाचांसमोर डावा चांगला म्हणून शपथ घेत होतात. तो तर धड वाजलाच नव्हता."

"डावा चांगलाच आहे," तो म्हणाला. चेहऱ्यावर चेष्टेची रेषही नव्हती. "पहिले दोन दिवस तरी तो दोनवर वाजला ना."

मी उठले, कव्वालीची कॅसेट घातली, दोन्ही स्पीकर एकदम सुरू केले आणि बटण फिरवून थेट सातच्या ठिपक्यावर नेलं. काचा थरथरल्या. त्याचा हात बटणाकडं गेला. ठिपक्यापाशी पोचला, थांबला, आणि त्यानं तो परत घेऊन दुसरा पेढा उचलला.

पाच मिनिटांत मावशी जिना चढून वर आल्या. डोक्याला फडकं नव्हतं.

"अगं, आता खरंच डबे हालायलेत."

"हालू द्या मावशी," माझा नवरा म्हणाला. "आज हालू द्या."